पायरी आत, पायरी बाहेर

आमच्या पिकअपच्या हौद्यात चढायची पायरी मी स्वतः बसवली, हे वाक्य मी हल्ली जपून उच्चारतो. बायको आसपास असली तर 'स्वतः' हा शब्द गाळतो.

पायरी हवी होती आईसाठी. आईची रोपवाटिका आहे. घरामागच्या मोकळ्या जागेत ती गुलाब, लिंबू, मिरची, पुदिना अशी रोपं वाढवते आणि दर गुरुवारी आठवडी बाजारात पिकअपच्या हौद्यातूनच विकते. मागचा फाळका उघडायचा, कुंड्यांच्या मधे उभं राहायचं आणि वरून गिऱ्हाइकांशी बोलायचं, ही तिची अकरा वर्षांची पद्धत. "रोप खाली ठेवलं की लोक ते पायाने सरकवतात. वर असलं की हाताने घेतात," असं तिचं म्हणणं. मी बाजारात लक्ष ठेवून पाहिलं आहे. खरं आहे ते.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते उत्तम झालं. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "चाला, जिने चढा, काम करा. फक्त लटकायचं नाही, गुडघा टेकवायचा नाही आणि उडी मारायची नाही." आईच्या हौद्यात चढण्या-उतरण्यात या तिन्ही गोष्टी होत्या, आणि याच क्रमाने होत्या.

पहिल्या गुरुवारी बायको हौद्यात उभी राहिली आणि आई खाली खुर्चीत बसली. तासाभराने आई म्हणाली, "इथून मला कुंड्यांची बुडं दिसतात आणि माणसांची पोटं."

दुसऱ्या गुरुवारी मी लाकडी स्टूल नेलं. त्याचा एक पाय मातीत रुतला, आई तिरकी झाली, आणि तिने वेळीच माझा कान धरला म्हणून पडली नाही. कान चार दिवस लाल होता. शाळेत मुलांनी तर्क लढवले. मी भूगोल शिकवतो, आणि भूगोलाच्या मास्तरचा कान कोण पिळतो हा मुलांसाठी मोठा प्रश्न होता. तिसऱ्या गुरुवारी प्लास्टिकचं रुंद स्टूल नेलं. ते फार चांगलं होतं. मी गाडी मागे घेतली तेव्हा ते मागेच होतं.

चौथ्या गुरुवारी आई म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या." आणि घरी बसून बियांच्या पुड्या लावत राहिली. त्या आधीच लावलेल्या होत्या.

मला ते काही बरं वाटलं नाही. पाचव्या गुरुवारीही ती आली नाही, तेव्हा मी शोधाशोध केली आणि मला ती पायरी सापडली. गाडीच्या मागच्या बाजूला, हौद्याखाली बसणारी. पायाने हलकेच दाबली की बाहेर येते, काम झालं की पायानेच ढकलली की आत जाते. चित्रात एक बाई एका हातात टोपली घेऊन अशी चढत होती, की जणू तिला वर काय आहे याचं कुतूहल आहे, एवढंच. मी लगेच मागवली.

खोकं आलं तेव्हा मोजपट्टीकाका दारात होतेच. काका आमचे शेजारी. निवृत्त आहेत. कशातून निवृत्त झाले ते विचारायचं राहून गेलं आणि आता इतक्या वर्षांनी विचारणं बरं दिसत नाही. खिशात कायम मोजपट्टी असते. एकदा आमच्याकडे बसायला आले असताना त्यांनी बोलता बोलता सोफा मोजला होता आणि निघताना, "ठीक आहे," असं म्हणाले होते. तेव्हापासून आम्हाला तो सोफा आवडतो.

"मिस्त्रीला बोलाव," बायको म्हणाली.

"चार बोल्ट आहेत," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणते. पाचवा तू शोधशील."

हे तिने हसत म्हटलं असतं तर मी मिस्त्रीला बोलावलंही असतं. पण ती गंभीरपणे म्हणाली, आणि माणसाच्या अंगात जी काही थोडीफार हिंमत असते ती अशा वेळी नको तिथे जागी होते. रविवारी सकाळी मी जुना शर्ट घालून गाडीखाली शिरलो.

गाडीखालचं जग वेगळं असतं. हौद्यात उरलेल्या कुंड्यांना आईने सकाळीच खालून नळीने पाणी घातलेलं होतं, ते फळ्यांच्या फटींतून थेंब थेंब माझ्या कपाळावर पडत होतं. स्टेपनी नेमकी जिथे मला हात घालायचा होता तिथे लटकलेली. सूचनांच्या कागदावर एकही शब्द नव्हता, फक्त चित्रं होती, आणि चित्रातला माणूस प्रत्येक टप्प्याला आदल्यापेक्षा जास्त हसत होता. मी तिसऱ्या चित्राशी असताना माझ्या तोंडात माती पडली. तो पाचव्या चित्रात होता आणि हात झटकत उभा होता.

मोजपट्टीकाका बाहेर बसून मला आकडे सांगत होते. आकडे बरोबर असत, फक्त मला हवे त्याचे नसत. "डावीकडून सव्वादोन फूट," ते म्हणत. मी विचारायचो, कशाच्या डावीकडून? त्यावर उत्तर येई, "माझ्या."

"काका, तुम्ही कुठे आहात?"

"मी सावलीत सरकलोय."

अडीच तासांनी मी बाहेर आलो. बोल्ट घट्ट होते, एकही उरला नव्हता. आई, बायको आणि काका तिघेही येऊन उभे राहिले. आईने चष्मा पुसून पुन्हा लावला. मी पायरीवर पाय ठेवून हलकेच दाबलं. आतून 'खट्' असा फार सुरेख आवाज आला. पण बाहेर काहीच आलं नाही.

काका वाकले, मोजपट्टी काढली आणि गाडीखाली बघत म्हणाले, "उघडली आहे."

पायरी उघडली होती खरीच. अगदी अलगद, पूर्ण, ऐटीत. फक्त ती पुढच्या दिशेने, गाडीच्या पोटाखाली उघडली होती. गाडीखाली झोपलेल्या माणसाला हौद्यात जायचं असतं तर त्याची उत्तम सोय झाली होती.

 बायको आत गेली आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मधे मधे तो थांबत होता. वीस वर्षं मी मुलांना दिशा शिकवतो आहे, ही गोष्ट त्या क्षणी कुणीच काढली नाही, याबद्दल मी घरच्यांचा ऋणी आहे. काका तेवढे म्हणाले, "काम चोख झालंय. दिशा सोडली तर."

संध्याकाळी मिस्त्री आला. त्याने गाडीखाली नुसती मान घातली आणि विचारलं, "सर, हे कुणी बसवलं?"

"आधीपासून होतं," मी म्हणालो.

"खोकं तर नवीन आहे."

मी म्हणालो, "हो, खोकं नवीन आहे."

मिस्त्री सज्जन माणूस. त्याने पुढे विचारलं नाही. पाऊण तासात त्याने पायरी सुलटी केली, आणि मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली, जी माझ्या, काकांच्या आणि त्या हसऱ्या माणसाच्याही लक्षात आली नव्हती. आमच्या गाडीचा फाळका उघडला की थेट खाली लोंबतो. म्हणजे पायरी बाहेर असताना फाळका उघडला तर तो धाडकन पायरीवर, आणि फाळका आधी उघडला तर पायरी त्याच्या मागे कोंडलेली. मिस्त्रीने फाळक्याला दोन्ही बाजूंनी साखळ्या लावल्या. आता तो उघडला की टेबलासारखा आडवा राहतो आणि पायरी त्याच्या कडेने, डाव्या कोपऱ्यातून बाहेर येते. शिवाय त्याने हौद्याच्या कडेला धरायला एक भक्कम दांडा बसवला. काकांनी दांड्याची उंची मोजली आणि मान डोलावली. मिस्त्रीने ती मोजलीच नव्हती, आईला बाजूला उभं करून, "हात कुठवर येतो तुमचा?" एवढंच विचारलं होतं.

मी पायरीवर चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. बायको चढली. काका चढले आणि वरून आमच्या छपराची पन्हाळ बघून घेतली.

"आई, ये," मी म्हणालो.

आई जवळ आली. दांड्याला हात लावला. पायरीकडे बघितलं. मग म्हणाली, "आज चपला गुळगुळीत आहेत. उद्या बघू."

सोमवारी तिच्या हाताला मिरचीच्या मिश्रखताचा वास येत होता, तो दांड्याला लागला असता. मंगळवारी ऊन फार होतं. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात बायकोने मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "त्या घाबरल्यात. स्टुलावरून तोल गेला ना, तेव्हापासून. आता तू त्यांना एकदाही विचारू नकोस."

मला हे सुचलंच नव्हतं. आई आणि भीती हे दोन शब्द मी कधी एका वाक्यात ठेवले नव्हते. मी बाहेर येऊन पायरीकडे बघितलं. इतकी छान, काळी, खरखरीत, घट्ट पायरी, आणि ती जिच्यासाठी आणली ती तिच्या आजूबाजूने हिंडत होती. मी विचारणं बंद केलं. ते सोपं नव्हतं. दिवसातून पाच-सहा वेळा मी 'आई' म्हणून सुरुवात करायचो आणि 'काही नाही' म्हणून संपवायचो.

त्यात बुधवारी मला पोलिसाने अडवलं. मी खताची पोती घेऊन येत होतो आणि पायरी आत ढकलायला विसरलो होतो. मागचा स्कूटरवाला बराच वेळ हातवारे करत होता. मला वाटलं माझा विद्यार्थी असावा, म्हणून मीही हात केला.

"मागे काय लोंबतंय?" पोलिसाने विचारलं.

"लोंबत नाहीये, बसवलेली आहे. पायरी आहे."

"कुणाला चढायला?"

"आईला."

त्याने गाडीत बघितलं. आई नव्हती. "चालत्या गाडीत चढतात का त्या?" त्याने शांतपणे विचारलं. मग पायरी दोनदा आतबाहेर करून बघितली, त्याला ती आवडली असावी, कारण तिसऱ्यांदाही केली. "चांगली आहे. पण गाडीत बदल केलाय तर नोंद करून घ्या. उद्याच जा, नाहीतर पुढच्या चौकातला माझ्यासारखा नाही."

गुरुवारी सकाळी आम्ही बाजारासाठी रोपं भरली. वाहन नोंदणीचं कार्यालय वाटेवरच होतं. बायको स्कूटरने पुढे जाऊन बाजारात जागा धरणार होती. मला दुपारची शाळा, त्यामुळे वेळ बेताचाच. निघताना आई अचानक पुढच्या सीटवर येऊन बसली.

"कार्यालयापर्यंत येते," ती म्हणाली. "तू अर्जात काहीतरी भलतंच लिहिशील."

चार नंबरच्या खिडकीत एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांच्यासमोर अर्जांचे गठ्ठे अगदी काटकोनात रचलेले होते. अशा टेबलाकडे बघूनच माझं अक्षर बिघडतं. अर्जात बदलाचे प्रकार दिले होते: रंग, इंजिन, छप्पर, इतर. मी 'इतर'वर खूण केली.

"'इतर' असेल तर तपशील लिहा," बाई म्हणाल्या.

मी लिहिलं: मागे-पुढे सरकणारी पायरी, ज्येष्ठ व्यक्तीच्या सोयीसाठी.

"पुढेही सरकते?"

"आता नाही सरकत," मी म्हणालो. "पूर्वी सरकायची. म्हणजे, एक दिवस."

त्यांनी 'पुढे' हा शब्द लाल शाईने खोडला आणि पुढचा रकाना दाखवला. "गाडीची एकूण लांबी."

"पायरी आत असताना की बाहेर असताना?"

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "गाडीला एकच लांबी असते."

"आमच्या गाडीला दोन आहेत."

"रकाना एकच आहे."

त्यांचं चुकत नव्हतं. माझंही चुकत नव्हतं. अशा प्रसंगी सरकारी कामात जे होतं ते झालं, म्हणजे आम्ही दोघं एकमेकांकडे सहानुभूतीने बघत बसलो आणि माझ्यामागे रांग वाढत गेली. मागच्या एका गृहस्थांनी दोन्हींची सरासरी लिहायला सुचवलं. दुसरे म्हणाले, जास्त लिहा, कमी लिहिलं तर पकडतात. शेवटी बाईंनी आतल्या निरीक्षकांना बोलावलं.

निरीक्षक उंच, सडसडीत, कागद लावलेली पाटी छातीशी धरून चालणारे. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "चालवून दाखवा."

मी फाळका उघडला, पायरीवर पाय ठेवून हलकेच दाबलं. काही झालं नाही. जोरात दाबलं. कालच्या खताच्या पोत्यातली माती सांध्यात अडकलेली असणार. मी लाथ मारली. माझी चप्पल सुटून शेजारच्या रिक्षाखाली गेली. रांगेतली माणसं आता कागद सोडून आमच्याकडे बघत होती. मी एका पायावर उभा राहून त्यांना म्हणालो, "एरवी येते." हे वाक्य मी वर्गात मुलांच्या तोंडून हजार वेळा ऐकलेलं आहे. त्यावर मी कधीही विश्वास ठेवलेला नाही.

आई गाडीतून उतरली. मागे आली, खुरपं घेतलं, सांध्यातली माती उकरली आणि चपलेच्या टोकाने पायरीला जरासं दाबलं. पायरी बाहेर आली. आई दोन पावलं मागे सरकून उभी राहिली, हात मागे बांधून.

"मजबुती बघतो," म्हणत निरीक्षक पायरीवर चढले, तिथे दोनदा उसळी मारली, मग दांडा धरून हौद्यात गेले. "ठीक आहे. वापरणाऱ्या व्यक्तीलाही चढून दाखवावं लागेल. अर्जात 'ज्येष्ठ व्यक्तीच्या सोयीसाठी' लिहिलंय."

"मी चढतो," मी म्हणालो.

"तुम्ही ज्येष्ठ नाही."

"मग आज राहू द्या," आई हळूच म्हणाली. तिने नजर दुसरीकडे वळवली होती. "परत कधीतरी येऊ."

निरीक्षकांनी पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं. लिहिताना माणूस नकळत मागे सरकतो, तसे ते सरकले. त्यांच्या टाचेमागे मिरचीच्या रोपांचा ट्रे होता. सहा आठवडे आईने रोज सकाळी ज्यांच्यावर पाणी शिंपडलं होतं ती कोवळी, बोटभर रोपं.

"पाय," आई म्हणाली. "अहो, पाय उचला. मागे नका येऊ, तिथे रोपं आहेत."

निरीक्षकांना समजेना. कुठे बघायचं हे न कळून त्यांनी मान वळवली आणि टाच आणखी मागे आली. मी 'साहेब' म्हणेपर्यंत आईचा डावा हात दांड्यावर होता, एक पाय पायरीवर, दुसरा फाळक्यावर, आणि पुढच्या क्षणी ती हौद्यात उभी होती आणि तिने निरीक्षकांच्या कोपराला धरून त्यांना जरा पुढे ओढलं होतं.

"इथे उभे राहा," तिने त्यांना गुलाबांच्या आणि लिंबांच्या मधली जागा दाखवली. "इथे माणसाने उभं राहायचं असतं."

मग ती वाकून ट्रे सरकवायला लागली आणि मधेच थांबली. तिने खाली बघितलं. पायरीकडे, मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बायकोने बजावलेलं होतं. 

आई सरळ उभी राहिली. दोन्ही हात एकमेकांवर झटकले. खाली रांग होती, पंधरा-वीस माणसं, सगळी वर बघत होती. तिने त्यांच्यावरून एक नजर फिरवली. ती नजर मी ऑपरेशनपासून पाहिली नव्हती.

"लिंबू कुणाला हवंय का?" तिने विचारलं. "कुंडीतही येतं. रोज चार तास ऊन लागतं फक्त."

सरासरीवाल्या गृहस्थांनी एक लिंबू घेतलं. त्यांच्या मागच्यांनी बाल्कनी उत्तरेला आहे म्हणून पुदिना घेतला. चार नंबरच्या खिडकीतल्या बाई बाहेर आल्या. त्यांनी गुलाबाचं एक रोप हातात घेतलं, सगळ्या बाजूंनी तपासलं आणि आईला विचारलं, "याची उंची किती होते?"

"छाटली तर दोन फूट. नाही छाटली तर पाच."

बाईंनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी माझा अर्ज मागून घेतला, लांबीच्या रकान्यात मधोमध एक बारीक उभी रेघ मारली आणि दोन्ही आकडे लिहिले. निरीक्षक हौद्यातूनच सही करते झाले. त्यांना गुलाबांमधून बाहेर यायची परवानगी अजून मिळाली नव्हती.

माझी चप्पल कुणीतरी रिक्षाखालून काढून दिली.

बाजारात बायकोने आमची नेहमीची जागा धरून ठेवली होती. आईला हौद्यातच उभी बघून तिने स्कूटरवरून हात केला. कार्यालयापासून बाजार पाच मिनिटांवर, आणि आईने खाली उतरायला साफ नकार दिला होता म्हणून मी गाडी बैलगाडीच्या वेगाने आणली होती. पायरी आठवणीने आत ढकलून. मागे स्कूटरवाले खोळंबले होते. मी कुणालाही हात केला नाही.

मग उरलेली सकाळ ती वर होती. पाणी, माती, खत, ऊन, सावली, वरून प्रत्येकाला वेगळं सांगत होती. साडेअकराच्या सुमाराला बायको म्हणाली, "आई, जरा टेका की खाली. पाय दुखतील."

"हो, उतरते," आई म्हणाली.

मी पायरी बाहेर काढली आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहिलो. आईने दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा जमिनीकडे सोडला. तेवढ्यात एक मुलगी आपल्या आईचं बोट धरून आली आणि तिने विचारलं, की निवडुंगाला पाणी घातलं तर तो मरतो का. आईचा पाय जमिनीपासून वीतभर वर थांबला. तिथेच, पायरीवर एका पायावर उभं राहून, तिने थोडा वेळ विचार केला.

"असं वरवर नाही सांगता येणार," ती मुलीला म्हणाली. "थांब, दाखवते." आणि तो पाय परत वर गेला.

मी पसरलेले हात खाली घेतले. मग तिघांसाठी चहा आणायला निघालो. वळून बघितलं नाही. म्हणजे एकदाच बघितलं.